अण्णांचा चष्मा आणि डबडू: प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

काम एका ओळीत लिहून ठेवते, म्हणजे नंतर फाटे फुटणार नाहीत: अण्णांचा वाचायचा चष्मा आत्ता कुठं आहे, ते सांगणारा रोबो. उचलून आणणारा नव्हे. हात बसवायला ना पैसे आहेत ना वेळ. त्यानं घरात फिरायचं, बघायचं, लक्षात ठेवायचं आणि विचारलं की सांगायचं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ८१, निवृत्त संस्कृत शिक्षक. लांबचा चष्मा नाकावर असतो, वाचायचा घरभर असतो. "अगं, माझा चष्मा बघितलास का?" ही हाक दिवसातून चारदा तरी येते. मी घरून काम करते, त्यामुळे चारही वेळा उठणारी मीच.

सामान: दोन चाकं आणि मागं एक फिरकं चाक असलेला प्लायचा ठोकळा, एन्कोडरवाल्या (चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या) मोटारी, रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक, स्वस्तातला ३६० अंशांत फिरणारा लिडार (लेझर किरणानं अंतर मोजणारा, पल्ला १२ मीटर), एक वेबकॅम. आज्ञावलीचा सांगाडा रॉस २ चा, म्हणजे रोबोंसाठी तयार मिळणाऱ्या आज्ञावलीचा. प्रतिमा ओळखण्याचं जड काम वाय-फायवरून माझ्या जुन्या लॅपटॉपवर. लेकीनं नाव ठेवलं डबडू. अण्णा 'ते डबडं' म्हणतात.

१४ जून, शनिवार

पहिला नकाशा झाला. जॉयस्टिकनं डबडूला तासभर घरभर हिंडवलं आणि स्क्रीनवर घर हळूहळू उमटत गेलं, आधी भिंती, मग खुर्च्यांचे पाय, मग धान्याच्या कोठीची गोलाई. दरवेळी बघितलं तरी मजा वाटतेच.

नकाशा म्हणजे काय ते अण्णांना सांगितलं. घराची जमीन ५ सेंटिमीटरच्या चौकोनांत कापायची. आमचं घर साधारण ११ बाय ७ मीटर, म्हणजे २२० गुणिले १४०, झाले ३०,८०० चौकोन. प्रत्येक चौकोनात एक आकडा. ० म्हणजे मोकळं, १०० म्हणजे तिथं काहीतरी आहे, आणि उणे १ म्हणजे ठाऊक नाही. नकाशा चित्र म्हणून साठवला की मोकळं पांढरं, भरलेलं काळं, ठाऊक नसलेलं करडं. ही चौकोनांची युक्ती हान्स मोरावेक आणि अल्बर्टो एल्फेस यांची, १९८५ मधली, कार्नेगी मेलन विद्यापीठातली. त्यांच्याकडं लिडार नव्हता, सोनार (प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारं यंत्र) होता, आणि सोनार इतका बेभरवशाचा की एका मोजणीवर विश्वास ठेवणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रत्येक मोजणीनं थोडा थोडा पुरावा साठवत जायचा. एकदा किरण आपटला तर संशय वाढला, तीनदा आरपार गेला तर कमी झाला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शून्य आणि उणे एक वेगळे ठेवलेत, हे चांगलं केलं. कुणी केलं?" मी म्हटलं, आधीपासून तसंच आहे. "हुशार माणसं दिसतायत," म्हणाले आणि पेपर उघडला. चष्मा सापडेना, तो भाग वेगळा.

१५ जून, रविवार

घरात एक खोली जास्त निघाली.

मागच्या खोलीतल्या कपाटाला जमिनीपर्यंत आरशाची सरकती दारं आहेत. लिडारचा किरण आरशावर पडतो, तिथून उलटून पलंगावर जातो, परत त्याच वाटेनं येतो. डबडूला वाटतं किरण सरळच गेला. त्यामुळं नकाशात कपाटाच्या पलीकडं, शेजाऱ्यांच्या बोळात, आमच्याच पलंगाची एक जुळी खोली. अण्णा म्हणाले, भाड्यानं द्या.

उपाय गावठी: आरशावर लिडारच्या उंचीला, जमिनीपासून १८ सेंटिमीटरवर, खाकी चिकटपट्टीचा पट्टा मारला. खोली गेली.

दुसरी भानगड उलटी आहे. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधला सागवानी उंबरठा ४ सेंटिमीटर उंच. किरण १८ सेंटिमीटरवरून जातो, उंबरठा त्याच्या खाली. नकाशात दार स्वच्छ पांढरं: शून्य, मोकळं. डबडू पूर्ण विश्वासानं गेला आणि तोंडावर आपटला. आरशानं नसलेलं दाखवलं, उंबरठ्यानं असलेलं लपवलं. सुताराकडून दोन पाचरी करून आणल्या.

१९ जून, गुरुवार

पावसानं फरशी दमट. चाकं घसरतात, एन्कोडर म्हणतो २ मीटर गेलो, प्रत्यक्षात १ मीटर ८० सेंटिमीटर. लिडारची नकाशाशी जुळवाजुळव करून दुरुस्ती होते. सतरंजीवर मात्र काही खरं नाही. सतरंजी गुंडाळून ठेवली.

२२ जून, रविवार

आता वस्तू ओळखणं. तयार मॉडेल उतरवलं, ते कोको नावाच्या प्रसिद्ध चित्रसंग्रहावर शिकलेलं. २०१४ चा संग्रह, ८० प्रकारच्या वस्तू. डबडूनं आमच्या घरात बघितलेल्या गोष्टी: तांब्याला 'फुलदाणी', पोळपाटाला 'फ्रिस्बी', झोपाळ्याला 'बाक'. वाटीला 'वाडगा' म्हणाला, ते चालण्यासारखं.

चष्मा? चष्मा ८० मध्ये नाहीच. खोदून बघितलं तर गंमत निघाली. मूळ यादी ९१ वस्तूंची होती. त्यातल्या ११ गाळल्या, आणि गाळलेल्यांत कोण कोण? चष्मा, आरसा, दार, खिडकी, ताट, जोडा. म्हणजे आमच्या घरात जे जे अडचणीचं, नेमकं तेच. जिराफ आणि झेब्रा मात्र आहेत, बर्फावर घसरायची फळीसुद्धा आहे. मिरजेत जिराफ दिसला तर डबडू अचूक सांगेल.

यंत्राला जगात किती प्रकारच्या वस्तू आहेत ते कुणीतरी आधी बसून ठरवतं. ज्या वस्तूला यादीत नावच नाही, ती डबडूच्या लेखी नसतेच. शेजारच्या एखाद्या नावात ढकलली जाते, नाहीतर पार्श्वभूमीत विरघळते. 'मला इथं काहीतरी दिसतंय पण नाव ठाऊक नाही' असं हे मॉडेल म्हणत नाही.

२९ जून, रविवार

लेक नववीत आहे. एका फोटोला एक रुपया या दरानं तिनं ६०० फोटोंवर चौकटी आखल्या, म्हणजे प्रत्येक वस्तूभोवती चौकट आणि तिचं नाव, मॉडेलला शिकवायला. आमची यादी नऊ वस्तूंची: वाचायचा चष्मा, चष्म्याची डबी, औषधांचा डबा, पानाचा डबा, अडकित्ता, किल्ल्यांचा जुडगा, रिमोट, वर्तमानपत्र, पंचांग.

पहिल्याच दिवशी वाद. मिटलेला चष्मा आणि उघडा चष्मा एकच का? डबीतला, काडी तेवढी बाहेर आलेला चष्मा धरायचा का? आणि डबी बंद असेल तर? लेक म्हणाली, "आई, बंद डबीवर चष्म्याची चौकट कशी आखू? मला दिसतच नाहीये." मी म्हटलं, नको आखू. त्या वेळी हा प्रश्न केवढा मोठा आहे ते लक्षात आलं नाही.

६ जुलै, रविवार. आषाढी

साबुदाण्याची खिचडी आणि पहिली पूर्ण चाचणी. नवं मॉडेल चष्मा ओळखतं. अण्णांनी मुद्दाम चष्मा लिहायच्या टेबलावर मधोमध ठेवला आणि सोप्यात जाऊन बसले. डबडू गेला, टेबलासमोर थांबला, परत आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "टेबलावर काही नाही."

कॅमेरा ४० सेंटिमीटरवर. टेबल ७५ सेंटिमीटर उंच. त्याला टेबलाची कड आणि खालचा ड्रॉवर दिसत होता. टेबल बघितलं, चष्मा दिसला नाही, नोंद झाली: रिकामं. लहान मूल निदान टाचा उंचावून बघतं.

पीव्हीसी पाइपची काठी उभी केली, कॅमेरा आता १ मीटर १५ सेंटिमीटरवर, थोडा खाली वाकलेला. काठीमुळं ब्रेक लागला की अख्खा डबडू पुढं झुकतो. तळाशी जुन्या तराजूचं २ किलोचं वजन बांधलं.

१३ जुलै, रविवार

स्मरणाची बाजू. आजवर डबडूकडं चौकोनांचा नकाशा होता आणि क्षणोक्षणी येणाऱ्या चौकटी होत्या. दोन्हींमध्ये 'चष्मा टेबलावर आहे' असं वाक्य कुठंच नव्हतं. वाक्य लागतं. अण्णा विचारणार वाक्यात.

म्हणून वर एक थर चढवला. वस्तू, नातं, जागा, वेळ, खात्री. नाती चारच: वर, आत, शेजारी, खाली. तथ्यं साठवणीत आणि नियम प्रोलॉग या तर्काच्या संगणकभाषेत. प्रोलॉग निवडायचं कारण असं की म्युनिकमध्ये सुरू होऊन पुढं ब्रेमेनला वाढलेली नोरॉब ही रोबोसाठीची ज्ञानव्यवस्था प्रोलॉगवरच उभी आहे. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या रोबोला 'दूध नाशवंत असतं, नाशवंत वस्तू फ्रिजमध्ये असतात, म्हणून दूध फ्रिजमध्ये शोध' असली साखळी जोडता यावी, यासाठीचं ते काम. माझी उडी तेवढी नाही, पण वळण तेच.

'वर' या शब्दानं दोन तास खाल्ले. चष्मा टेबलावर, घड्याळ भिंतीवर, शर्ट खुंटीवर, माशी छतावर. आपण एकच प्रत्यय लावून मोकळे होतो. डबडूला मी 'वर' म्हणजे 'खालची पातळी आडवी, वस्तूचा तळ तिला टेकलेला' असं शिकवलं. घड्याळ त्याच्या मते हवेत तरंगतं.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "चष्मा कुठाय?" डबडूनं साठवण चाळली, काही मिळालं नाही, उत्तर दिलं: "चष्मा घरात नाही."

"नाही म्हणजे?" अण्णा खुर्चीतून उठलेच. "तू बघितलंस कुठं?"

खरंच, त्यानं फक्त माजघर बघितलं होतं. चष्मा देवघरात पंचांगाशेजारी होता.

१४ जुलै, सोमवार, रात्री

चूक कळली. प्रोलॉगचा स्वभाव असा: जे सिद्ध करता येत नाही ते खोटं धरायचं. रेल्वेच्या आरक्षणाला हे ठीक आहे. यादीत तुमचं नाव नाही म्हणजे तुमचं आरक्षण नाही, कारण यादी पूर्ण आहे असा करारच असतो. डबडूची यादी पूर्ण कधीच नसते. गंमत म्हणजे खालच्या थरात, चौकोनांच्या नकाशात, शून्य आणि उणे १ वेगळे होते. वर वाक्यांचा थर चढवताना तो भेद मीच पुसला.

जेवणानंतर अण्णांपुढं कबुली दिली. त्यांनी पानाचा डबा ओढला आणि तासभर शिकवलं. जमेल तसं उतरवते.

"भूतले घटो नास्ति. जमिनीवर घट नाही. हे तुला कशानं कळलं? डोळ्यांनी म्हणशील, तर डोळ्याचा संबंध जमिनीशी आला. जो नाहीच, त्या घटाशी डोळ्याचा संबंध कसा येणार?" नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतात, अभावही प्रत्यक्षानंच कळतो. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, त्यासाठी वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानायला हवं, त्याचं नाव अनुपलब्धी. मीमांसकांचाच दुसरा पंथ, प्राभाकर, हे वेगळं प्रमाण मानत नाही. भांडण जुनं आहे.

"पण एका गोष्टीला धरून चालावं लागतं," अण्णा अडकित्ता माझ्याकडं रोखून म्हणाले. "अनुपलब्धी योग्य पाहिजे. असता तर दिसला असता, असं म्हणता आलं पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही, असं म्हणता येत नाही. खांबावर पिशाच दिसत नाही म्हणून पिशाच नाही, हेही म्हणता येत नाही, कारण पिशाच असतं तरी दिसलं नसतं. तुझ्या डबड्याला दिसला नाही हे कळतं. दिसला असता का, हे कुणी विचारायचं?"

मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: असता तर दिसला असता का? आणि झोपायला गेले. झोप आली नाही.

२० जुलै, रविवार

नवा तक्ता. आधीचा तक्ता होता 'काय दिसलं'. आता दुसरा: 'काय बघितलं'. कुठली जागा, केव्हा, किती अंतरावरून, उजेड किती, जागेचा किती भाग कॅमेऱ्यात आला. काही दिसलं नाही तरी नोंद होणार. 'टेबल बघितलं, १ मीटर २० वरून, उजेड चांगला, भाग ८० टक्के, चष्मा दिसला नाही' हेही ज्ञानच आहे. आजवर मी ते फेकून देत होते.

यावर बेजचं गणित बसवलं: नवा पुरावा आला की आधीचा अंदाज किती बदलायचा, ते सांगणारं. चष्मा टेबलावर असण्याचा आधीचा अंदाज ४० टक्के. चांगल्या उजेडात, टेबलावर असलेला चष्मा डबडूला १० पैकी ७ वेळा दिसतो. बघितलं आणि दिसला नाही, तर टेबलाचा अंदाज ४० वरून १७ टक्क्यांवर येतो. अंधारात दिसण्याचं प्रमाण १० पैकी २. तेव्हा न दिसल्यावर अंदाज ३५ वर थांबतो, म्हणजे जवळजवळ हललाच नाही. आणि बघितलंच नाही, तर ४० च्या ४०.

अण्णांना आकडे दाखवले. "अंधारातल्या घटाचे हे ३५ टक्के का?" म्हणाले. हो म्हटलं. "मग ७० टक्के दिसतो हा आकडा आणलास कुठून?" अंदाजानं घातला होता. मोजायला हवं.

२७ जुलै, रविवार

आठवडाभर हात लावला नाही. ऑफिसचं काम, आणि थोडा वैतागही. चष्म्याला दोरी बांधली असती तर दहा रुपयांत भागलं असतं. (बांधली होती. अण्णांनी काढून टाकली. 'बैल आहे का मी?')

वैतागात रॉडनी ब्रुक्स यांचं म्हणणं आठवत राहिलं. एमआयटीतल्या या माणसानं १९८० च्या दशकात सरळ सांगितलं की रोबोच्या डोक्यात जगाची प्रतिकृती भरायचा नाद सोडा. जग समोर आहेच, लागेल तेव्हा त्यालाच विचारा. ब्रुक्स सहसंस्थापक असलेल्या कंपनीचा घर झाडणारा रोबो २००२ मध्ये आला, तो सुरुवातीला नकाशा न करताच घर झाडायचा. भिंतीला धडकला की वळायचा, आणि तरी घर स्वच्छ व्हायचं. मोह पडण्यासारखंच आहे. पण झाडायला आठवण लागत नाही. 'कुठं आहे' हा प्रश्न तर आठवणीचाच. जे आत्ता समोर नाही त्याबद्दल बोलायचं, तर डोक्यात काहीतरी ठेवावंच लागतं.

दुसऱ्या टोकाला शेकी. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधला १९६६ ते १९७२ चा रोबो. ठोकळे आणि खोल्यांच्या जगात राहायचा, सगळं ज्ञान तर्कशास्त्राच्या वाक्यांत. त्याच्यासाठी केलेल्या स्ट्रिप्स या पद्धतीत, १९७१ ची, एक सोयीचा नियम होता: कृतीनं जे बदलतं तेवढं सांगा, बाकीचं सगळं होतं तसंच राहिलं असं धरा. जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी १९६९ मध्ये ज्याला चौकटीचा प्रश्न म्हटलं (कृतीनं काय काय बदललं नाही, ते सगळं कसं सांगायचं?), त्यातून निघालेली ही वाट. शेकीच्या खोलीत हे चालून गेलं, कारण तिथं वस्तू हलवणारा मुख्यतः शेकीच. आमच्याकडं डबडू काहीच हलवत नाही आणि बाकीचे चौघं दिवसभर हलवतात. 'बाकीचं होतं तसंच' हे गृहीतक आमच्या घरात चहा होईपर्यंतसुद्धा टिकत नाही.

म्हणून प्रत्येक आठवणीला विटण्याचा वेग दिला. भिंत विटत नाही. कपाट विटायला महिने. खुर्ची दिवसभरात. वाचायच्या चष्म्याची आठवण ४० मिनिटांत निम्म्या भरवशाची. दुपारी एक ते तीन मात्र दर मंद ठेवलाय, कारण अण्णा झोपतात.

३ ऑगस्ट, रविवार

मोजलं. लेकीनं ५० वेळा चष्मा ठरलेल्या जागी ठेवला, डबडूनं बघितलं. दिवसाच्या उजेडात ३५ वेळा दिसला. संध्याकाळी दिवा न लावता १०. म्हणजे माझे अंदाजाचे ७० आणि २० बरोबर निघाले. शपथेवर सांगते, आकडे मागाहून जुळवलेले नाहीत. लेक साक्षीदार आहे आणि तिनं ५० रुपये घेतलेत.

एक गोष्ट मात्र चुकली होती. उजेडात न दिसलेल्या १५ पैकी ११ वेळा चष्मा औषधांच्या डब्याच्या मागं होता. अशा वेळी डबडू त्याच जागी उभा राहून तीनदा बघायचा, तीन नकार नोंदवायचा आणि टेबलाचा अंदाज पार तळाला न्यायचा. तिन्ही वेळा आड आला तो तोच डबा. एकाच ठिकाणाहून तीनदा बघणं म्हणजे एकदाच बघणं. आता दुसरं बघणं मोजायचं असेल तर निदान ६० सेंटिमीटर सरकून, वेगळ्या कोनातून. डबडू टेबलाभोवती अर्धी प्रदक्षिणा घालू लागलाय.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखीच्या गडबडीत चष्मा खरोखर हरवला. डबडूला लावलं कामाला. टेबल, टीपॉय, झोपाळा, देवघर. नाही. पुन्हा टेबल. पुन्हा टीपॉय. पाऊण तास घिरट्या, शेवटी बॅटरी संपून झोपाळ्याखाली बंद पडला. चष्मा अण्णांच्या बंडीच्या आतल्या खिशात.

नोंदी काढून बघितल्या. शक्यतांची बेरीज १०० ठेवायची, आणि यादीत फक्त दिसणाऱ्या जागा. टेबलावरचा संशय कमी केला की तो टीपॉयवर जाणार, टीपॉयचा झोपाळ्यावर, फिरून टेबलावर. बाहेर पडायला वाटच नाही. जिथं बघता येत नाही अशा जागा मी यादीत घेतल्याच नव्हत्या. लेकीचा जूनमधला प्रश्न हाच होता: बंद डबीचं काय?

नवी वाटणी: टेबल ४०, टीपॉय २५, झोपाळा १५, आणि न दिसणाऱ्या जागा मिळून २० (खिसा, ड्रॉवर, डबी, वर्तमानपत्राची घडी). आता दिसणाऱ्या सगळ्या जागा नीट एकदा बघून झाल्या की न दिसणाऱ्यांचा वाटा २० वरून ४५ वर जातो. वेगळ्या कोनातून दुसऱ्यांदा बघितल्यावर ७४. तिसऱ्यांदा ९०. डबडू खिशात एकदाही डोकावत नाही, तरी खिशावरचा संशय वाढत जातो.

हे गणित माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. समुद्रात हरवलेली जहाजं आणि विमानं असंच शोधतात. १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये पडलेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान, २२८ माणसं. सुरुवातीला विमानाच्या ध्वनी-संकेतकांचा आवाज ऐकत शोध झाला. शेवटच्या ठावठिकाण्याच्या जवळचा भाग ऐकून झाला, आवाज आला नाही, म्हणून तो भाग बाजूला पडला. पुढं संख्याशास्त्रज्ञांनी फेरमांडणी करताना विचारलं, संकेतक बंदच पडले असतील तर? मग आवाज न येणं म्हणजे विमान नसणं नव्हे. तो भाग पुन्हा वर आला, आणि ३ एप्रिल २०११ ला अवशेष तिथंच सापडले, सुमारे ३,९०० मीटर खोल.

अण्णांना सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अयोग्य अनुपलब्धी. दोन वर्षं."

१७ ऑगस्ट, रविवार

श्रावणातली रांगोळी. डबडूनं गोपद्मांवरून चाक नेलं. सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. नकाशावर देवघरासमोर आणि तुळशीजवळ 'इथं यायचं नाही' असे पट्टे रंगवले. लिडारला तिथं काहीच दिसत नाही, चाकं सहज जातात, आणि तरी जायचं नाही. सासूबाईंच्या शब्दावर.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

माजघरात मखर. टेबल सोप्यात, टीपॉय वर माडीवर, झोपाळा कड्यांवरून उतरवून भिंतीला टेकवलेला. पाहुणे अकरा. डबडूला चालू केल्यावर तो तीन मिनिटं स्वतःभोवती फिरत राहिला. नकाशातलं आणि समोरचं काहीच जुळेना. भिंती तेवढ्या ओळखीच्या राहिल्या, त्यांच्यावरून ठिकाण लागलं. भिंतीची आठवण विटू दिली नव्हती ते कामी आलं. 'टेबलावर' हे ठिकाण आकड्यांनी न बांधता टेबलालाच बांधलं होतं, त्यामुळं टेबल सोप्यात दिसल्यावर त्याच्यावरचे अंदाज त्याच्याबरोबर सोप्यात गेले. झोपाळा मात्र त्याच्या मते घरातून गेला. उभा झोपाळा त्याला ओळखू येत नाही.

१ सप्टेंबर, सोमवार. गौरीपूजन

संध्याकाळच्या आरतीआधी चष्मा गायब. घर भरलेलं, पुरणाचा वास, सगळ्यांच्या पायात पोरं. डबडू निघाला. मामेसासरे खुर्चीतून पाय वर घेऊन बघत होते. टेबल दोन बाजूंनी, मखराच्या पायऱ्या, खिडकीची फळी. बावीस मिनिटांनी अण्णांपुढं येऊन थांबला: "दिसेल अशा जागी बहुधा नाही. खिसा, ड्रॉवर, डबी, वर्तमानपत्राची घडी बघा. माडी मी बघितलेली नाही."

शेवटचं वाक्य ऐकून अण्णांनी माझ्याकडं बघितलं. काही म्हणाले नाहीत. खिसा बघितला, नाही. ड्रॉवर, नाही. डबी रिकामी. पेपर झटकला, नाही. माडीवर पोरं पळाली, तिथंही नाही.

आरती तर पाठच आहे, म्हणून अण्णांनी चष्म्याशिवायच म्हणायला घेतली. मंत्रपुष्पांजलीसाठी मामेसासऱ्यांनी आरत्यांचं पुस्तक उघडलं, आणि चष्मा खाली पडला. काल खूण म्हणून घातला होता.

पुस्तक माझ्या यादीत नव्हतंच, ना दिसणाऱ्या जागांत, ना न दिसणाऱ्या. न दिसणाऱ्या जागांची यादीही पूर्ण आहे असं मी धरून चालले होते. जुलैत वाक्यांच्या थरात केलेली चूक ऑगस्टमध्ये एक पायरी वर जाऊन पुन्हा केली. रात्री भांडी आवरल्यावर एक ओळ घातली: 'जिचा विचार केला नाही ती जागा', वाटा ५. ही ओळ पुढं आली तर डबडूनं काय म्हणायचं, ते अण्णांनी सांगितलं: "मला सुचत नाही, तुम्ही आठवा."

पुढचं: मखर उतरल्यावर नवा नकाशा. झोपाळा उभा आणि टांगलेला, दोन्हीचे फोटो. लेकीनं दर दोन रुपये केला आहे. अण्णांनी अडकित्त्याची मागणी नोंदवली आहे.